प्रश्नरचना, इंग्रजीतील : भूतकाळ व पूर्णकाळ
इंग्रजीत साध्या भूतकाळातील प्रश्नात काळाचा भार ‘डिड’ हे साहाय्यकारी क्रियापद उचलते. म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते : ‘डिड यू सी इट?’ पूर्णकाळात ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ कर्त्याआधी येते आणि मुख्य क्रियापद तिसरे रूप घेते : ‘हॅव यू सीन इट?’ ‘यस्टरडे’सारखा सरलेला काळ दाखवणारा शब्द असल्यास ‘डिड’च योग्य. ‘हू’ स्वतःच कर्ता असेल, तर ‘डिड’ सहसा लागत नाही : ‘हू सॉ इट?’ मराठीत ‘तू पाहिलेस’ला ‘का’ जोडले की प्रश्न होतो, क्रियापद बदलत नाही. त्यामुळे मराठी भाषकांकडून ‘डिड यू सॉ?’ अशी चूक होते. शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) काळी ‘सॉ यू?’ अशी ‘डिड’विना रचनाही रूढ होती.