कार्षापण, माषक आणि काकणिका : लहान नाण्यांचे सामाजिक मोल

प्राचीन भारतातील नाण्यांचा अभ्यास बहुधा राजांच्या नावांपासून सुरू होतो आणि सोन्याचांदीपाशी थांबतो. इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांवर विपुल लिहिले गेले. परंतु ज्या नाण्याच्या आधारे कष्टकरी माणूस बाजारात उभा राहिला, त्या लहान नाण्याचा विचार कमीच झाला. त्याची साक्ष पाली साहित्यात आणि आपल्या लेण्यांत आहे, हे आम्ही येथे मांडू इच्छितो.

त्या काळी राजगृहात पाच माषकांचा एक पाद होत असे, असे विनयपिटकात दुसऱ्या पाराजिकेच्या प्रसंगी म्हटले आहे. पाद म्हणजे कार्षापणाचा चौथा हिस्सा. अर्थात वीस माषकांचा एक कार्षापण. काकणिका माषकाहूनही लहान. भिक्खूंनी सोने-रुपे स्वीकारू नये, या नियमाचे विवरण करताना कार्षापणाबरोबर तांब्याचा, लाकडाचा व लाखेचा माषकही गणला आहे. व्यवहारात जे चालते ते सर्व त्यात येते. नाण्याचे मोल केवळ धातूत नसून लोकांच्या परस्पर विश्वासात असते, याची ही स्पष्ट जाणीव होय.

चुल्लकसेट्ठि जातकातील गरीब तरुण मेलेला उंदीर मांजराच्या खाद्यासाठी एका काकणिकेला विकतो आणि त्या भांडवलावर व्यापार उभारतो. गंगमाल जातकातील पाणक्याने आपला अर्धा माषक नगराच्या उत्तर वेशीजवळच्या भिंतीत, विटेआड जपून ठेवला आहे. त्याच्या सोबतिणीजवळही अर्धाच माषक आहे. दोन्ही मिळून सणाची माळ, गंध आणि मद्य घ्यायचे, म्हणून तो भर उन्हात गात निघतो. जातके म्हणजे इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु कथेतील बाजार श्रोत्यांच्या ओळखीचाच असावा लागतो.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन निकायांकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे २४० होतात. वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यावयाचे, हा हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण, दरमहा साडेसात. लेखातील ‘पायुन’ आजही आपल्या मुखी ‘पाऊण’ म्हणून नांदतो. जेथे अर्ध्या-पाऊण कार्षापणाचा हिशेब चाले, तेथे त्याहून लहान नाण्यांची गरज उघड आहे. तेर, पैठण येथे मिळालेली सातवाहनांची शिशाची व पोटीनची नाणी हेच सांगतात.

लहान नाणे नसेल तर गरिबापुढे दोनच वाटा उरतात : उधारी किंवा धान्य. दोन्हींत भाव दुसराच ठरवतो. आपल्या समाजाने हे शतकानुशतके भोगले आहे. महार वतनात श्रमाचा मोबदला मुख्यतः बलुत्याच्या रूपाने मिळे. बलुत्याला भाव नव्हता; म्हणून घासाघीस नव्हती, नकार नव्हता, साठवून गाव सोडण्याची सोय नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक दुरुस्ती विधेयक मांडले, त्यामागे हीच गुलामी मोडण्याचा हेतू होता. १९२३ च्या ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात चलनाचा विचार करणारे बाबासाहेब आणि बलुत्याविरुद्ध उभे राहणारे बाबासाहेब वेगळे नाहीत, असे आमचे मत आहे. गिरणीत हाती पडणारा रोख पगार तुटपुंजा असेल. पण तो कोठे खर्चावा, हे मजूर स्वतः ठरवू शकत होता.

१ एप्रिल १९५७ रोजी आणे-पैंऐवजी दशमान नाणी आली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून बाद झाली. महागाईने त्यांचे मोल संपविले होते. नाण्यांची रूपे बदलतात, बदलावीत. मात्र सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाला आपल्या ऐपतीइतकी खरेदी, आणि आपल्या श्रमाची मोजता येईल अशी किंमत मिळते का, या कसोटीवर प्रत्येक चलनव्यवस्था पारखली पाहिजे. त्या पाणक्याचा अर्धा माषक अर्धाच होता. पण तो त्याचा स्वतःचा होता.