संतोष महाडिक

कर्नल संतोष यशवंत महाडिक (१५ जानेवारी १९७७ – १७ नोव्हेंबर २०१५) हे भारतीय लष्करातील २१ पॅरा (विशेष दल) या पलटणीचे अधिकारी होते. जम्मू-काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत त्यांना वीरमरण आले. त्या वेळी ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमान अधिकारी होते. सेना पदक आणि मरणोत्तर शौर्य चक्र हे त्यांना मिळालेले शौर्य सन्मान होत.

== जीवन ==

महाडिक हे सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे. जन्माने ते घोरपडे. आजोळी दत्तक गेल्यामुळे महाडिक हे आडनाव लागले. त्यांचे शालेय शिक्षण सातारा सैनिक शाळेत झाले. १९६१ मध्ये स्थापन झालेली ही देशातील पहिली सैनिक शाळा होय. पुढे ते लष्करात गेले. फुटबॉल, मुष्टियुद्ध आणि अश्वारोहण यांत त्यांना विशेष गती होती.

== लष्करी सेवा ==

२१ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची २१ वी पलटण. १९९६ मध्ये तिचे विशेष दलात रूपांतर झाले, तरी 'वाघनख' ही मराठी ओळख तिने जपली. अशा दलात स्वेच्छेनेच दाखल होता येते. त्यासाठी पॅराशूट उड्यांच्या प्रशिक्षणाबरोबरच एक खडतर चाचणी कालावधी पार करावा लागतो आणि त्यात अनेकजण गळतात. ईशान्य भारत हे या पलटणीचे प्रमुख कार्यक्षेत्र आहे. आसाममधील 'ऑपरेशन ऱ्हायनो' या मोहिमेतील कामगिरीबद्दल महाडिक यांना २००३ मध्ये सेना पदक मिळाले.

राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलात लष्कराच्या इतर शाखांमधून अधिकारी व जवान ठरावीक काळासाठी येतात. महाडिक यांच्या संदर्भात दोन पलटणींची नावे आढळतात ती यामुळेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न असलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना त्यांनी 'ऑपरेशन सद्भावना'च्या माध्यमातून स्थानिक तरुणांशी संपर्क वाढवला. शस्त्राइतकेच महत्त्व ते या कामाला देत असत.

== हाजी नाका येथील कारवाई ==

नोव्हेंबर २०१५ मध्ये नियंत्रण रेषेजवळील हाजी नाका परिसरातील घनदाट जंगलात दडलेल्या दहशतवाद्यांचा शोध अनेक दिवस चालू होता. कर्नल हुद्द्याच्या अधिकाऱ्याने तळावरून सूत्रे हलवणे वावगे ठरले नसते. महाडिक मात्र शोधपथकाच्या अग्रभागी होते. १७ नोव्हेंबर रोजी झालेल्या गोळीबारात ते गंभीर जखमी झाले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. पोगरवाडी येथे लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर या वेळी उपस्थित होते. २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झाले. शांतताकाळातील शौर्य पुरस्कारांत अशोक चक्र व कीर्ती चक्र यांच्यानंतर या सन्मानाचा क्रम लागतो.

== कुटुंब ==

त्यांच्या पश्चात पत्नी स्वाती आणि दोन मुले आहेत. स्वाती महाडिक यांनी पतीच्या निधनानंतर लष्करात जाण्याचा निर्णय घेतला. त्यांनी वयोमर्यादा ओलांडलेली असल्याने संरक्षण मंत्रालयाने त्यांना सवलत दिली. निवड चाचण्या मात्र त्यांना इतर उमेदवारांप्रमाणेच उत्तीर्ण व्हाव्या लागल्या. चेन्नई येथील अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतील प्रशिक्षण पूर्ण करून ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट म्हणून लष्कराच्या आयुध विभागात दाखल झाल्या.