यिंगलिंग : बापाकडून विकत घ्यावा लागणारा बीअरचा कारखाना

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पॉट्सव्हिल नावाचं डोंगराळ भागातलं छोटं शहर आहे. तिथला यिंगलिंग हा बीअरचा कारखाना १८२९ पासून एकाच घराण्याकडे आहे. अमेरिकेतली सर्वांत जुनी, आजही चालू असलेली बीअर कंपनी ती हीच. या घरात एक रिवाज आहे. कारखाना वारसाहक्काने फुकट मिळत नाही, पोराला तो बापाकडून पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. वाटणीवरून कोर्टाच्या तारखा मोजणाऱ्यांना हे जरा विचित्रच वाटेल.

डोंगरात खोदलेलं शीतगृह

डेव्हिड यिंगलिंग हे मूळचे जर्मनीतले. पॉट्सव्हिलच्या आसपास दगडी कोळशाच्या खाणी होत्या, खाणकामगारांची वस्ती होती, म्हणजे गिऱ्हाईक दारात होतं. पहिला कारखाना १८३१ मध्ये जळाला. मग त्यांनी महंटोंगो स्ट्रीटवर डोंगराच्या उतारावर नवा बांधला, तो आजही चालू आहे. जागा निवडण्यामागे हिशोब होता. बीअर आंबवून झाल्यावर ती थंडाव्यात मुरावी लागते, आणि तेव्हा फ्रीज नव्हते. म्हणून कामगारांनी डोंगराच्या पोटात हाताने भुयारं खोदली. आत बाराही महिने गारवा असायचा.

थोरला मुलगा व्हर्जिनियातल्या रिचमंडला गेला आणि तिथे स्वतःची ब्रुअरी काढली. धाकटा फ्रेडरिक १८७३ मध्ये वडिलांचा भागीदार झाला, तेव्हापासून कंपनीच्या नावात ‘अँड सन’ आलं.

दारूबंदीत दुधाचा आधार

खरी कसोटी लागली १९२० मध्ये. अमेरिकेत देशभर दारूबंदी झाली आणि ती १९३३ पर्यंत टिकली. शेकडो ब्रुअऱ्या कायमच्या बंद पडल्या. सरकारी माणसांनी यिंगलिंगच्या भुयाराला विटांची भिंत घातली, तिचा काही भाग आजही पाहायला मिळतो. तेव्हा कारभार फ्रेडरिकचा मुलगा फ्रँक याच्याकडे होता. त्याने दोन वाटा काढल्या. एक म्हणजे अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी अल्कोहोलचं, कायद्यात बसणारं बीअरसारखं पेय. दुसरी म्हणजे कारखान्यासमोरच दुधाची डेअरी, आणि तिथे आईस्क्रीम. बंदी उठली तरी डेअरी बंद झाली नाही, ती १९८५ पर्यंत चालली. बंदी उठल्यावर फ्रँकने ‘विनर’ नावाची बीअर काढली आणि तिचा एक ट्रक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी व्हाइट हाऊसला पाठवला.

बाप-लेकाचं वाजलं

दारूबंदीतून वाचलेला कारखाना पुढे मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींपुढे खचत गेला. कोळशाचा धंदाही बसला, म्हणजे हक्काचं गिऱ्हाईकही कमी झालं. पाचव्या पिढीतल्या डिक यिंगलिंगचं म्हणणं होतं, यंत्रं बदला. वडिलांना ते पटेना. १९७३ च्या सुमारास डिक सरळ बाहेर पडला आणि बीअर वितरणाचा स्वतःचा धंदा करू लागला. इथेच बऱ्याच घरांचे धंदे मोडतात. पण वडिलांची तब्येत ढासळली, तेव्हा १९८५ मध्ये तो परत आला आणि रिवाजाप्रमाणे कारखाना विकत घेतला.

१९८७ मध्ये त्याने ‘लागर’ हा जुना प्रकार पुन्हा बाजारात आणला. मागणी एवढी वाढली की माल पुरेना. १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथला तयार कारखाना घेतला, २००१ मध्ये पॉट्सव्हिलजवळच आणखी एक उभा केला. पेनसिल्व्हेनियात आज बारमध्ये नुसतं ‘लागर’ म्हटलं तरी समोर यिंगलिंगच येते.

डिकना चार मुली आहेत, मुलगा नाही. चौघीही कंपनीच्या कामात आहेत. नावातलं ‘सन’ मात्र तसंच आहे, आणि रिवाज पाळायचा तर मुलींनाही पैसे मोजावे लागणार.