लोहमार्गाचे भय

देवमंदिराच्या ज्युबिली स्मरणिकेत आगगाडीची कथा कशास, असे कोणी विचारील. परंतु कर्जत-खालापुराकडे आपल्यातील कित्येक कुटुंबे याच मार्गाने आली. तेव्हा हा विषय अगदीच परका नव्हे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धावली, त्या काळी एक विलक्षण वदंता उठली होती. मुंबईतील नव्या इमारती व पूल यांच्या पायांत जिवंत गाडण्याकरिता गाडीतून माणसे नेण्याचा साहेबाचा डाव आहे, असे लोक म्हणत. पनवेलचे प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत नमूद केली आहे.

आजचा शाळकरी मुलगा यास हसेल. आम्हांस हसवत नाही. हे भय केवळ अडाण्यांचे नव्हते. साक्षात पोप सोळावे ग्रेगरी यांनी आपल्या राज्यात लोहमार्ग येऊ दिला नाही. 1846 साली ते निवर्तल्यावर नववे पायस यांनी अनुज्ञा दिली, आणि 1856 साली रोमहून फ्रास्कातीस गाडी सुरू झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती आपल्या खोपोलीसही आली!

पुढे सात वर्षे खोपोलीचा थाट काय वर्णावा! गाडीतून उतरलेला उतारू पालखीने वा तट्टावर बसून बोरघाट चढे आणि 1858 पासून खंडाळ्यास पुण्याची गाडी गाठी.

इकडे घाटात सुरुंग उडत होते. पंचवीस बोगदे, 1,831 फुटांचा चढ. 1861 साली मजुरांची संख्या 42,000 वर गेली. थकलेल्या मजुरीवरून 1859 च्या जानेवारीत त्यांनी दंगा केला; पटकीनेही छावण्यांत कहर मांडला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच आठवड्यांत वारले व त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम तडीस नेले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. मजुरांचा मात्र आकडाच तेवढा राहिला. पायात माणसे गाडतात ही वदंता शब्दशः खोटी होती खरी, पण घाटाने बळी घेतलेच.

21 एप्रिल 1863 रोजी घाटमार्ग खुला झाला. मुख्य मार्ग कर्जतेवरून वर गेला आणि खोपोली फाट्याचे शेवटचे स्थानक होऊन राहिली. पालखीच्या भोयांस व तट्टूवाल्यांस आता उतारू उरले नाहीत.