वर कोणती बाजू?

गेल्या शनिवारी सकाळी बाबांची हाक आली, "अरे, तुझं हे यंत्र शीर्षासन करतंय बघ!"

यंत्र म्हणजे माझा जुना लॅपटॉप. पडदा पूर्ण मागे दुमडला की पाटी होते, त्यातला. मूळ सिस्टीमचे अपडेट बंद झाले तेव्हा भंगारात द्यायला निघालो होतो. पण बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि पेपर मोठ्या अक्षरात, उभ्या पानावर वाचायला त्यांना बरं वाटतं. म्हटलं, लिनक्स टाकून देऊ. टाकलं, आणि हे झालं. पाटी सरळ धरली की बातम्या उलट्या. वरच्या बातमीवर बोट ठेवलं तर खालची जाहिरात उघडणार. आणि मागे दुमडलेल्या कीबोर्डला बोटं लागली की पेपरच्या मध्येच भलतंच टाइप होणार.

"बाबा, थांबा, दुपारपर्यंत करून देतो," असं मी मोठ्या रुबाबात म्हणालो. झालं रविवारी रात्री :) पण त्या दोन दिवसांत एक गोष्ट कळली. हा एक बिघाड नव्हताच. हे तीन वेगळे प्रश्न होते, आणि प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे. पडदा कसा फिरवायचा? 'वर' म्हणजे कुठे, हे यंत्राला कसं कळणार? आणि आपण आत्ता लॅपटॉप आहोत की पाटी?

मुळात पडदा आडवाच का? १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा चक्क उभा होता, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा, कारण त्याला कागदाचं पान दाखवायचं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्याच अ‍ॅलन के यांनी मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली होती, तिचं नाव डायनाबुक. पुढे घरोघरी जे संगणक आले ते मात्र टीव्हीच्या घाटाचे आडवे पडदे घेऊन आले. वाचायला उभं पान आणि टाइप करायला आडवा पडदा हे भांडण तेव्हापासूनचं आहे. आपला घडीचा लॅपटॉप म्हणजे त्यातली तडजोड.

ही तडजोडही वाटते तितकी नवी नाही. १९८९ मध्ये ग्रिड कंपनीने ग्रिडपॅड आणला, सुमारे दोन किलोची, पेनने लिहायची पाटी. त्यामागे जेफ हॉकिन्स होते. पुढे पाम पायलट काढणारे तेच. १९९२-९३ च्या सुमारास ग्रिडनेच असा संगणक काढला की पडदा कीबोर्डवर झोपवला की पाटी तयार! त्याचं नावच कन्व्हर्टिबल. पण तो काळाच्या फार पुढे होता, फारसा चालला नाही. मग २००१ मध्ये बिल गेट्सनी भाकीत केलं की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वात जास्त खपणारा पीसी हा टॅब्लेटच असेल. ७ नोव्हेंबर २००२ ला टॅब्लेट पीसीसाठीची विंडोज बाजारात आली. त्यासोबत आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांना मधोमध एकच बिजागरी असायची. पडदा अर्धा वळवायचा आणि कीबोर्डवर पाडायचा. भाकीत खोटं ठरलं, पण हा घाट टिकला.

आता लिनक्सकडे. तिथे चित्र दाखवणारी एक्स ही प्रणाली १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. तिने धरून चाललेलं की पडद्याचा आकार एकदा सुरुवातीला ठरला की ठरला. टेबलावरच्या अवजड मॉनिटरला कोण उचलून फिरवणार? हे गृहीतक मोडलं ते एक्सच्या पहिल्या फळीतले जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी. 'रिसाइझ अँड रोटेट', म्हणजेच रँडआर, हा त्यांचा निबंध २००१ चा. तेव्हा तळहातावरच्या छोट्या संगणकांवर लिनक्स चालवायची धडपड चालू होती. हातातली वस्तू माणूस फिरवणारच! हेच गेटिस पुढे 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पात गेले. त्यांचा तो हिरवा-पांढरा एक्सओ आठवतोय? त्याचाही पडदा वळवून पाटी व्हायची, आणि पडद्याशेजारी चित्र फिरवायचं चक्क एक बटण होतं. २००७ मध्ये तो आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या छोट्या शाळेतही पोचला होता.

बटणाऐवजी यंत्राला आपणहून कळायला हवं असेल तर गुरुत्वाकर्षण जाणवायला हवं. ते जाणणारी चिप या कामासाठी जन्मलीच नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आली गाड्यांच्या एअरबॅगसाठी. धडक झाली हे तिने ओळखायचं. मग २००३ च्या सुमारास ती लॅपटॉपात शिरली, कशासाठी तर यंत्र हातातून पडतंय हे ओळखून हार्ड डिस्क वाचवायला! २००७ च्या आयफोनने तिला पडदा फिरवायला लावलं आणि मग जगाला ती सवयच लागली.

तिसरा प्रश्न २०१२ चा. त्या वर्षी विंडोज ८ सोबत लेनोव्होचा योगा आला, ३६० अंशात दुमडणारा. मधल्या बिजागरीच्या लॅपटॉपात कीबोर्ड पडद्याखाली झाकला जायचा. इथे तो पाठीमागे, थेट आपल्या बोटांखाली आला. म्हणजे पाटी झाल्यावर कीबोर्ड बंद करणं भागच. त्यासाठी कुठे चुंबकाचा स्विच असतो, तर कुठे झाकणात आणि बुडात एकेक चिप बसवून दोहोंमधला कोन मोजतात. प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी.

आणि इथेच माझी शनिवारची दुपार गेली. चिप बोर्डावर कुठल्या दिशेने बसवायची हे कारखाना आपल्या सोयीने ठरवतो. पाटी सरळ उभी धरून मी आकडे वाचले. ९.८ बरोबर येत होते, शाळेत शिकलो तेच. फक्त चिन्ह उलटं! म्हणजे चिप डोकं खाली करून बसलेली. उपाय एका ओळीचा: तीन बाय तीनची मॅट्रिक्स, तिच्यात दोन ठिकाणी उणे एक. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनच्या पेपरला जिला शिव्या घातल्या, तीच. आडवं धरल्यावर सगळं ठीक झालं, पण उभं केलं की बोट चुकायचं, कारण चित्र फिरलं तरी स्पर्शाचे आकडे जुन्याच दिशेने येत होते. तिथेही तीच मॅट्रिक्स, आकडे वेगळे.

राहिला कीबोर्ड. काही साध्या, न दुमडणाऱ्या लॅपटॉपांचं फर्मवेअर 'मी पाटी आहे' असं खोटंच सांगायचं आणि त्यांचे कीबोर्ड मुके व्हायचे. म्हणून २०२० मध्ये लिनक्सच्या एका ड्रायव्हरमध्ये ठरावीक मॉडेलांवरच विश्वास ठेवणारी यादी घातली गेली. माझं मॉडेल त्या यादीत नव्हतं. घातलं, आणि कीबोर्ड गप्प झाला.

चिपच्या दिशांचीही अशीच यादी आहे. ती मी नंतर शांतपणे वाचत बसलो. मॉडेलमागून मॉडेल, प्रत्येकाखाली नऊ आकडे. बहुतेक यंत्रं आता दुकानात मिळायची नाहीत. पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कुठेतरी असंच यंत्र हातात धरून, ते फिरवून आकडे टिपलेत. आपलं काम झाल्यावर ते आकडे स्वतःकडे न ठेवता यादीत घालायला पाठवलेत. आपण संगणकाचा इतिहास सांगतो तेव्हा गेट्स आणि हॉकिन्सपाशी थांबतो. पण जुनं यंत्र भंगारात जाणार की कुणाच्या हातात राहणार, हे पुष्कळदा ही यादी ठरवते. माझीही ओळ काल पाठवून दिली.

असो. हे लिहितोय तेव्हा बाबा खिडकीशी बसून पेपर वाचतायत. उभं पान, मोठी अक्षरं. मघाशी म्हणाले, "आता सरळ झालं रे. पण एवढ्याला दोन दिवस?"

काय सांगणार!