नववे भय : औरंगाबादच्या लेण्यांपासून हिमवंतापर्यंत

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, या नगराच्या उत्तरेस विद्यापीठामागील डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील सातव्या लेण्यात सहाव्या शतकातील एक भव्य शिल्पपट आहे. मध्यभागी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभे असून त्यांच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेली माणसे कोरलेली आहेत. अग्नी, शस्त्रधारी शत्रू, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, सर्प, मत्त हत्ती आणि मृत्यू अशी ही आठ महाभये होत. ती प्रवाशांची भये आहेत. पैठण, तेर आणि भोकरदन येथून शूर्पारक व कल्याणच्या बंदरांकडे जाणारे सार्थवाह व भिक्खू यांना जे जे भेडसावत होते, ते ते शिल्पकाराने येथे नोंदविले.

या यादीत हिमाचे भय नाही. दख्खनच्या शिल्पकाराला ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. परंतु धम्माचा मार्ग दख्खनमध्ये संपत नव्हता. जे भिक्खू उत्तरेच्या पर्वतांत गेले, त्यांना हे नववे भय प्रत्यक्ष भोगावे लागले. त्याची नोंद त्यांनी कशी केली आणि त्या नोंदीतून आज आपण काय घ्यावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

महावंसानुसार सम्राट अशोकाच्या काळातील तिसऱ्या संगीतीनंतर जे धम्मदूत निघाले, त्यांत महाराष्ट्राकडे महाधम्मरक्खित आणि हिमवंत प्रदेशाकडे मज्झिम थेर पाठविले गेले. ही केवळ दंतकथा नव्हे. १८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी सांची व सोनारी येथील स्तूप उघडले, तेव्हा तेथील अस्थिकरंडकांवर मज्झिम यांचे आणि समस्त हिमवंताचे आचार्य म्हणून काश्यपगोत्र यांचे नाव कोरलेले आढळले. आपला प्रदेश आणि हिमाचा प्रदेश हे धम्मप्रसाराच्या एकाच योजनेचे दोन भाग होते, असे यावरून दिसते.

हिमाचे सविस्तर वर्णन मात्र आपणांस चिनी यात्रेकरूंकडून मिळते. इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघालेला फाहियान पामीर ओलांडून भारतात आला. नगर देशात, म्हणजे आजच्या जलालाबादच्या परिसरात, त्याने हिवाळ्याचे तीन महिने काढले आणि नंतर तो दोघा सोबत्यांसह दक्षिणेकडील लहान हिमपर्वत ओलांडू लागला. पर्वताच्या उत्तरेकडील सावलीच्या बाजूस एकाएकी बर्फाळ वारा सुटला. हुइ-चिंग या भिक्खूच्या तोंडास फेस आला. सर्वांनी येथेच मरू नये, तुम्ही पुढे जा, असे सांगून त्याने प्राण सोडला. फाहियान त्याच्या देहाला कवटाळून रडला आणि मग पुढे निघाला.

सुमारे इ. स. ६३० मध्ये ह्युएनत्संग तिएनशान पर्वतातील हिमघाटापाशी आला. पुढे ह्याच यात्रेकरूने महाराष्ट्रास भेट देऊन अजिंठ्याच्या लेण्यांशी जुळणाऱ्या एका संघारामाचे वर्णन केले आहे. घाटातील बर्फाचा रस्ता खुला झालेला नव्हता, म्हणून तो कुचा येथे साठांहून अधिक दिवस थांबून राहिला होता. तरीही घाट ओलांडण्यास सात दिवस लागले. कडे तुटून आडवे पडलेले बर्फाचे प्रचंड तुकडे, काही शंभर शंभर फूट उंचीचे, वाटेत पसरलेले होते, असे त्याचा चरित्रकार हुइ-ली सांगतो. निजण्यास कोरडी जागा नव्हती. भांडे टांगून अन्न शिजवावे लागे आणि बर्फावरच पडून राहावे लागे. सोबत्यांपैकी दहांत तीन-चार जण भुकेने व थंडीने दगावले. बैल व घोडे त्याहून अधिक मेले.

या संहाराचे कारण काय, असे विचारले असता दोन्ही यात्रेकरूंच्या ग्रंथांत एकच उत्तर येते. पर्वतात क्रूर नाग राहतात. ते कोपले की विषारी वारा, हिम आणि दगडधोंडे यांचा वर्षाव करतात. हिमघाटातून जाणाऱ्याने तांबडी वस्त्रे नेसू नयेत, भोपळ्याचे पात्र नेऊ नये आणि मोठ्याने ओरडू नये, असा नियमही ह्युएनत्संग नोंदवितो. येथे एक सावधानता आवश्यक आहे. मूळ चिनी शब्द ‘लुंग’ हा आहे. त्याचे भाषांतर ‘नाग’ असे केले जाते, म्हणून हिमाच्या क्रौर्याचा दोष आपल्या इतिहासातील नाग लोकांच्या माथी मारला जाऊ नये. नाग लोकांनीच बुद्धाच्या धम्माचा प्रसार केला, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले होते. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज आपल्या राणीसह शांतपणे बसलेला आहे.

यात्रेकरूंच्या नोंदीत निरीक्षण खरे आहे, कारणमीमांसा खोटी आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दैवी शक्तींवरील विश्वास हा अधम्म ठरविला, तो याच भेदासाठी. हिमकडा कोणाच्या कोपाने कोसळत नाही. एकावर एक पडलेल्या हिमाच्या थरांत एखादा थर दुबळा राहतो. कडक थंडीत हिमाच्या तळाशी साखरेसारखे सुटे कण तयार होतात आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. त्यावर नवे हिम पडले, वाऱ्याने आणून साठविले किंवा एकाएकी ऊन वाढले, की वरचा थर सुटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वाधिक असतो. मोठ्याने ओरडल्याने कडा कोसळतो ही समजूत शास्त्राने टाकून दिली आहे; बहुधा उतारावर चढलेल्या माणसाच्या भारानेच तो सुटतो. पूर्णपणे गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या पाव तासात बाहेर काढले तर जगण्याची मोठी आशा असते; त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. हे होते म्हणून ते होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम हिमालाही लागू आहे.

ज्याला कारण असते, त्याचे निवारणही शक्य असते. विनयातील वर्षावास हा याच विचाराचा नमुना होय. पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू कोवळी पिके व लहान जीव तुडवितात, ही लोकांची तक्रार ऐकून तथागतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. ऋतू पाहून चालावे व ऋतू पाहून थांबावे, हे त्याचे तात्पर्य. ह्युएनत्संगाचे कुचा येथील साठ दिवस याच शिस्तीचे होते. आपल्याच नगरातील पोलीस कर्मचारी रफीक शेख यांना २०१४ व २०१५ अशी दोन वर्षे एव्हरेस्टवरून परतावे लागले आणि २०१६ च्या मे महिन्यात ते शिखरावर पोहोचले. परत फिरणे हे भ्याडपणाचे लक्षण नव्हे.

परंतु थांबण्याचा अधिकार सर्वांना सारखा मिळतो काय? तुर्फानच्या राजाने ह्युएनत्संगास पंचवीस मजूर व तीस घोडे दिले होते. घाटात जे मेले, त्यांची नावे चरित्रात नाहीत. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमनदीवर कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्यू पावले. ते इतरांच्या मोहिमांसाठी वाट तयार करीत व ओझी वाहून नेत होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा गावाजवळ सीमा रस्त्याच्या कामगारांच्या तळावर हिमकडा कोसळला. ५४ कामगार सापडले, ४६ वाचले, ८ मेले. आदल्याच दिवशी चंदीगड येथील संरक्षण संशोधन संस्थेने चमोली जिल्ह्याच्या उंच भागासाठी हिमस्खलनाचा इशारा दिलेला होता. चौदाशे वर्षांपूर्वी ज्ञान नव्हते, म्हणून माणसे मेली. आज ज्ञान असते. ते ओझे वाहणाऱ्याच्या झोपडीपर्यंत वेळेवर पोहोचले काय आणि ते ऐकून काम थांबविण्याची मुभा त्याला होती काय, हा प्रश्न उरतो. हा प्रश्न निसर्गाचा नसून समाजव्यवस्थेचा आहे.

सातव्या लेण्यातील शिल्पपटाकडे म्हणूनच केवळ धाव्याची मूर्ती म्हणून पाहू नये. त्या काळच्या समाजाने आपल्या सामान्य प्रवाशांवरील संकटे नावानिशी नोंदविली आणि ती दगडात सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवली, हे त्याचे मोल आहे. तथागत मोक्षदाते नव्हेत, मार्गदाते आहेत, असे बाबासाहेब सांगतात. मार्ग दाखविणाऱ्यावर त्या मार्गातील धोके सांगण्याचीही जबाबदारी येते. आठ भयांच्या त्या यादीत नववे भय लिहावयाचे, ते असे की, ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला पहिला इशारा मिळावा आणि थांबण्याचा हक्कही त्यालाच पहिला मिळावा.