नवजात अतिदक्षतेचा जमाखर्च : हॅमिल्टन, गडचिरोली, चिंचोळी

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारी पेटी, प्राणवायू, शिरेतून औषध आणि अहोरात्र जागती परिचारिका एकत्र आणणारा विभाग म्हणजे नवजात अतिदक्षता कक्ष होय. त्याच्या खर्चाचा एक गाजलेला हिशेब १९८३ साली कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी मांडला. अतिदक्षता सुरू होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना करता, १००० ते १४९९ ग्रॅम वजनाच्या बाळांचे जगण्याचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर, तर ५०० ते ९९९ ग्रॅमच्या बाळांचे १० वरून २२ टक्क्यांवर गेले होते. मात्र आयुष्यभराचा खर्च धरला असता लाभाचे पारडे पहिल्या गटाकडेच झुकले.

महाराष्ट्रात या हिशेबाला वेगळी दिशा दिली ती डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने. १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करीत, गारठलेल्या बाळाला उबदार पिशवीत ठेवीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला, आणि त्यासाठी दर बाळामागे अवघे ५.३ डॉलर लागले. अर्थात, श्वास अडलेल्या ९०० ग्रॅमच्या बाळाला झोळीचा काटा वाचवू शकत नाही. त्याला कक्षच लागतो.

मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसीच्या कामगाराला हा कक्ष सोलापूर शहरात गाठावा लागतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते, आणि पात्र कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत झाले. परंतु बाळ कक्षात असेपर्यंत कंत्राटी कामगाराची खाड्यांमुळे बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे, बाळंतिणीचे रोजचे हाल आणि त्यापायी काढलेली उसनवारी रुग्णालयाच्या बिलात येत नाही. वाचलेल्या बाळाच्या दृष्टीची आणि श्रवणाची पुढील तपासणीही बहुधा त्याच कुटुंबाच्या माथी पडते. हा खर्च वगळून काढलेला कोणताही ताळेबंद अपुराच ठरतो. म्हणून सरकारने नव्या कक्षांइतकाच पैसा आशा सेविकेच्या घरभेटींवर आणि घरी परतलेल्या बाळाच्या पाठपुराव्यावर खर्च केला पाहिजे.